जुळलेला रंग

पालघरच्या दुकानातून नवा लॅपटॉप आणताना चारुतानं तो खोका सबंध वाट मांडीवर धरला होता. सालवडला पोचेपर्यंत रिक्षावाल्यानं रस्त्यातला एकही खड्डा सोडला नाही, पण खोक्याला तिनं हिसका बसू दिला नाही. घरी आल्यावर हळदकुंकू लावलं, साखर ठेवली. नवऱ्यानं, कैलासनं, नारळ हातात घेतला तेव्हा मात्र ओरडली, अहो, तो बाहेर फोडा, पाणी उडेल. एवढी जपणूक! आणि झाकण उघडून बघते तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पिवळट डाग, मधोमध एक हिरवा ठिपका आणि बाकी सगळ्या जगाला कावीळ झालेली. आता बोला.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, चालतंय. चारुताला कसं चालेल? तिचं पोटच रंगावर. लग्नाचे अल्बम ती करायचीच, पण तिचा हात खरा बसला होता तो गेलेल्या माणसांच्या फोटोंवर. खूपजणांचा आयुष्यात एकटा असा फोटोच निघालेला नसतो. मग कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातून चेहरा कापून काढायचा, अंगात कोट घालायचा, मागे निळं आभाळ सोडायचं. कुणाचा तर फक्त शेवटचा फोटो असतो, नाकात कापूस घातलेला. तो कापूस काढायचा आणि मिटलेले डोळे उघडून द्यायचे. मासवणपासून मुरब्यापर्यंत किती घरांच्या भिंतींवर तिनं उघडलेले डोळे टकामका बघत होते, देव जाणे.

दुकानदारानं हात वर केले. विकताना मॅडम, मॅडम करणारा तो माणूस आता म्हणाला, कंपनीला फोन लावा. कंपनीच्या फोनवर मनीष नावाचा पोरगा लागला. तो गोड बोलायचा, पण ताकास तूर लागू देत नव्हता. बंद करून चालू करा म्हणाला. केलं. अपडेट मारा म्हणाला. मारलं. रात्रीचा पिवळा उजेड चालू राहिलाय का बघा म्हणाला. तो तर तिनं पहिल्याच दिवशी घालवला होता. शेवटी म्हणाला, एखाददुसरा ठिपका कंपनीच्या नियमात बसतो.

"नियमात बसत असेल हो," चारुता म्हणाली, "पण माझ्याकडे तो प्रत्येकाच्या नाकावर बसतो. त्याचं काय करू?"

मनीषनं तक्रार वर पाठवतो असं सांगितलं. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही ठाऊक नसावं.

याच दिवसांत गोजराबाई आली. मुरब्याची ही कोळीण बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. उन्हाळ्याच्या शेवटाला तिचा थोरला मिथुन होडीवरून पडला आणि दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला. आता नारळी पौर्णिमेला महिनाभर उरला होता. त्या दिवशी धाकटा होडी दर्यात ढकलणार होता, आणि त्याचं म्हणणं एकच, भावाचा फोटो केबिनमध्ये लागल्याशिवाय होडीला हात लावणार नाही. फोटो होता तो मोबाइलमधला, होडीवर जाळं ओढतानाचा. डोक्याला टोपी, तोंडावर ऊन, आणि हसत होता.

चारुतानं टोपी काढली, केस बसवले, पांढरा शर्ट घातला, आणि आपल्याकडे गेलेल्या माणसाला थोडं गोरं करायची पद्धतच असते, तसं केलं. घरच्या छोट्या प्रिंटरवर फोटो छापला. गोजराबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, जवळ आणला आणि परत टेबलावर ठेवला.

"बाय, हा माझा मिथुन नाय. हा शेटचा पोर दिसतंय. माझा काला होता."

दुसऱ्यांदा चारुतानं रंग गडद केला. स्क्रीनवर छान सावळा दिसला, कागदावर विटेसारखा लाल निघाला. गोजराबाई याही वेळी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मुखडा त्याचा हाय. पन तो नाय." आणि पाटी उचलून गेली. चारुताला त्या रात्री जेवण गेलं नाही. एका आईला तिचा पोर दोनदा दाखवून दोनदा परत न्यायचा, ही काय गंमत आहे का?

तिनं पालघरच्या प्रफुल्लकडे धाव घेतली. प्रफुल्लचा जुना स्टुडिओ होता आणि अल्बमची कामं तोच तिला द्यायचा. त्याच्याकडे रंग तपासायचं यंत्र होतं. साबणाच्या वडीएवढं असतं ते, स्क्रीनवर लोंबत ठेवायचं. मग स्क्रीन एकामागून एक रंग दाखवते, लाल, हिरवा, निळा, राखाडी, आणि यंत्र ते मोजून स्क्रीनला ताळ्यावर आणतं. चारुतानं ते चार वेळा लावलं. कावीळ उतरली, पण माणसांच्या कातडीत काहीतरी चुकत राहिलं. कधी गालांवर हिरवट झाक, कधी ओठ विटलेले. तिनं हात टेकले.

प्रफुल्ल म्हणाला, "यंत्राला काय कळतं? त्यानं माणूस कधी बघितलाय? आमचे आण्णा काय करायचे, ज्याचा रंग आपल्याला पाठ आहे असा माणूस खिडकीच्या उजेडात बसवायचे. फोटो त्याचा आणि समोर तोच. दोन्ही सारखे दिसेस्तोवर बटणं फिरवायची. चेहरा बसवणं म्हणायचे त्याला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कैलास घरातच होता की. मिथुनसारखाच तांब्याच्या भांड्यावर काजळी धरावी तसा सावळा. मागच्या रविवारी खिडकीत उभं करून काढलेला त्याचा फोटोही होता. पण हा माणूस एका जागी बसेल तर शपथ. एक पाय सारखा हलत असायचा, तोंड त्याहून जास्त. आज बसतो, उद्या बसतो करत त्यानं आठवडा घालवला. शेवटी गुरुवारी चारुता भडकली. गोजराबाई उद्या दुपारी येणार, आणि हा आपला भजी खात बसलेला.

"काय वाट्टेल ते होऊ दे," ती म्हणाली, "उद्या तुम्ही माझ्यासमोर बसायचं."

"काय वाट्टेल ते होऊ दे, बसेन," कैलास म्हणाला. "शब्द दिला. आता तरी एक भजं खा, बाई."

कैलास एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात कामाला होता; शुक्रवारी तिथं सुट्टी असते. पण सुट्टीच्या दिवशीच टाक्या धुवायच्या असतात, म्हणून सकाळी सुपरवायझरचा फोन आला. कैलास डबा न घेताच निघाला. जेवायला घरीच येतो म्हणाला, आणि मग बसतो.

दुपारी बोईसरवर शुक्रवारची ती शांतता पसरली होती. पाऊस थांबलेला, आभाळ भरलेलं, आणि खिडकीतून पांढरा, सारखा उजेड येत होता. रंग बघायला याच्यासारखा उजेड नाही. चारुतानं खिडकीशी खुर्ची मांडली, चहा टाकला, स्क्रीनवर कैलासचा फोटो मोठा करून ठेवला. त्या हिरव्या ठिपक्याला दोन शिव्या घातल्या आणि वाट बघत बसली. उजेड तासाभरात पिवळा झाला असता.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती यंत्राची वायर सोडवत होती, तेवढ्यात कारखान्यातल्या रसायनांचा वास आला. रोजच यायचा तो, कैलासच्या आधी घरात शिरायचा. आज जरा गोडसर होता. मान वर केली तर कैलास खुर्चीत बसलेला.

"आलात? हाक तरी मारायची. जेवणाचं नंतर बघू, आधी हे. उजेड जाईल."

त्यानं मान हलवली. हात मांडीवर, पाठ ताठ. पाय हलत नव्हता. चारुता मनात म्हणाली, चला, देव पावला. चहाचा कप तिनं त्याच्या बाजूला खिडकीत ठेवला आणि कामाला लागली.

आधी स्क्रीनकडे बघायचं, मग त्याच्याकडे. पुन्हा स्क्रीनकडे. आणि तिचं डोकं फिरलं. स्क्रीनवरचा कैलास लालसर होता, कोवळ्या उन्हात उभा असल्यासारखा. समोरचा कैलास तसा नव्हता. म्हणजे अजूनही स्क्रीनच खोटं बोलत होती! लाल कमी केला. पुरेना. पिवळा कमी केला. अजून पुरेना. गालावरची चमक मारली, ओठातलं रक्त काढून टाकलं. तरी समोरच्या चेहऱ्यात एक राखट निळी छटा होती, ती काही स्क्रीनवर धरता येईना. दुकानदार, मनीष, मनीषची कंपनी, सगळ्यांचा तिनं उद्धार केला. एरवी कैलासनं त्यात भर घातली असती. आज तो गप्प ऐकत होता.

"बरं नाही का वाटत? ओठ बघा कसे झालेत."

"टाकी... गार होती."

आवाज लांबून आल्यासारखा होता. दमलाय, तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिचं अर्धं लक्षच होतं. निळा रंग एक घर पुढे सरकवला होता आणि पहिल्यांदा दोन्ही कपाळं सारखी दिसायला लागली होती. अशा वेळी नवऱ्याची विचारपूस कोण करतं?

"जुळला का?" त्यानं विचारलं.

"थांबा हो. आलंच."

"जुळव... मग जातो."

"सुट्टी आहे आज. जाताय कुठं?"

त्याचे डोळे तिच्यावर होते, आणि खिडकीतून एवढा उजेड येत असूनही ते मिचकत नव्हते. पंखा बंद होता, तरी चारुताच्या दंडावर काटा आला. तिनं पदर ओढून घेतला, निळा आणखी एक घर सरकवला, आणि रंग जुळला. असा जुळला की स्क्रीनच्या कडेवरून नजर त्याच्याकडे नेली तरी कुठं एक संपला आणि दुसरा सुरू झाला ते कळू नये. आठवड्याभराची कटकट एकदाची मिटली! तिनं ते सेटिंग जपून ठेवलं. मग मिथुनचा फोटो उघडला, तोच रंग त्याच्या चेहऱ्यावर बसवला आणि छापायला टाकला.

कागद बाहेर येतो न येतो तोच जिन्यातून गोजराबाईची हाक आली. चारुता आनंदानं म्हणाली, या, आज तुमचा मुलगा तयार आहे. गोजराबाई आत आली. फोटो तिच्या हातात देऊन चारुता कडा कापायला कात्री आणायला आत गेली. ती स्वयंपाकघरात डब्यांमागे पडली होती.

परत येऊन बघते तर गोजराबाई खिडकीतल्या खुर्चीवर बसलेली. पाटी पायाशी, फोटो मांडीवर.

"हे कुठं गेले?" चारुतानं विचारलं.

"कोन?"

"आमचे. इथंच बसले होते ना."

"हितं कोन नव्हता, बाय," गोजराबाई म्हणाली. मग तिनं बसल्या जागी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला आणि गार लागल्यासारखा लगेच उचलला. उठली. फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. चारुताला वाटलं, रडतेय. वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"रंग बरोबर हाय," ती हळू म्हणाली. "पन हा जिताजागता असतानाचा नाय. पान्यातून काढला ना त्याला... तवा असा होता. तो रंग मी एकलीनं बघितलेला. मीच न्हाऊ घातला त्याला. तुला कुटं गावला?"

चारुता खिडकीतल्या कपाकडे बघत होती. काठोकाठ भरलेला चहा तसाच होता आणि त्यावर जाड साय धरली होती. टेबलावरचा मोबाइल वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजायला लागला.

फोन भगवंतचा होता, कैलासबरोबर टाकीवर काम करणाऱ्याचा. वहिनी, म्हणाला, आणि पुढं त्याला बोलवेना. टाकीत वायू साठला होता. कैलास सगळ्यात आधी आत उतरला. वर काढला तेव्हाच काही उरलं नव्हतं. ही गोष्ट सकाळची, नाश्त्याच्या सुट्टीच्याही आधीची. दवाखाना झाला, पोलीस झाले, आणि घरी कुणी सांगायचं यावर चार माणसांनी दुपार काढली. मेल्यांनी दुपार काढली!

दवाखान्यात चादर बाजूला केली तेव्हा चारुता किंचाळली नाही, रडलीही नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. तसं नव्हतं. त्या चेहऱ्याचा रंग तिनं ओळखला होता. लाल किती काढलेला, निळा किती वाढवलेला, तिला सगळं पाठ होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. कराडहून भाऊ आला, दिवस उरकले, तिला घेऊन जातो म्हणाला. ती म्हणाली, एक काम राहिलंय. तेवढं झालं की येते. तो चिडला आणि एकटाच परत निघाला. लोक काय म्हणतील, आणि तुला फोटो सुचतायत? पण चारुताच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. नवऱ्याला काही परत आणता येणार नव्हतं. त्या बाईचा पोर तरी तिला मिळायला हवा होता, आणि पौर्णिमा परवावर आली होती.

त्यातच, वरातीमागून घोडं तसा, फोनवरचा मनीष स्वतःच नवी स्क्रीन घेऊन दारात उभा. तक्रार वर पोचली होती म्हणे. त्यानं जुनी काढायच्या आधी तपासली, मग आणखी एकदा तपासली. मॅडम, म्हणाला, हिच्यात तर काहीच नाही. डाग नाही, ठिपका नाही. चारुता म्हणाली, असू दे. बदला. माझ्या डोळ्यांसमोरून ती न्या.

नवी स्क्रीन बसली. तिनं शुक्रवारचं सेटिंग पुसलं, यंत्र लावून सगळं पहिल्यापासून केलं. आता समोर बसवायला कोण होतं? कुणीच नाही. म्हणून तिनं स्वतःचाच डावा हात खिडकीच्या उजेडात धरला. त्याचा फोटो काढला, स्क्रीनवर घेतला, आणि हाताशेजारी हात जुळवत बसली. सकाळपासून बसली ती उठलीच नाही. शेवटी जुळला. तिनं फोटो छापला आणि गोजराबाईला निरोप धाडला.

गोजराबाई आली ती हातात पाटी न घेता. या बाईनं त्या दिवसापासून फोटोचा विषय काढला नव्हता. मध्ये दोनदा येऊन नुसती जवळ बसून गेली होती. आताही तिनं आधी चारुताकडे बघितलं, मग कागद घेतला, दाराशी नेला. पाठमोरी उभी राहिली. चारुताच्या छातीत धडधडायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही.

"बाय..." गोजराबाई न वळता म्हणाली. "परत तोच."

"कसा असेल तोच?" चारुता चिडून उठली. स्क्रीन नवी, सेटिंग नवं, तो शुक्रवारचा रंग मी माझ्या हातानं पुसलाय. मग चुकतंय कुठं? या कंपनीनं पुन्हा मला फसवलं का? बडबडत तिनं आपला हात परत स्क्रीनशी नेऊन धरला. डावा धरला, उजवा धरला. पालथा, उताणा. कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. ही बघा, ती म्हणाली, ही बघा ना, काहीच चूक नाही.

गोजराबाई स्क्रीनकडे बघत नव्हती. ती हळूहळू दाराकडे मागं सरकत होती. तिची नजर टेबलावरच्या कपावर होती, सकाळी चारुतानं स्वतःसाठी ओतून घेतलेल्या.

"च्या घेतला नायस, बाय," ती म्हणाली. "साय धरलीय त्याच्यावर."